आमच्या वाटेला जाऊ नका

मुलांना घरीच शिकवणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचं राजकारण काय, असं विचारलं की उत्तर तयार असतं. ते रिपब्लिकन, चर्चला जाणारे, गर्भपाताच्या विरोधातले, सरकार म्हटलं की कपाळाला आठ्या घालणारे. पंचवीस वर्षांपूर्वी हे उत्तर बरंचसं बरोबर होतं. आज ते अर्धंमुर्धं बरोबर आहे. अमेरिकेच्या मतदारयादीत कुणाची मुलं कुठे शिकतात याची नोंद नसते. टेक्सास, ओक्लाहोमा, आयडाहो, इलिनॉय, मिशिगन या राज्यांत तर मूल घरी शिकवायचं ठरवलं तरी ते सरकारला कळवण्याची सक्ती नाही. ज्यांची धड मोजदाद नाही त्यांची मतं कोण आणि कशी मोजणार? ‘होमस्कूलवाल्यांची मतपेढी’ हा शब्द निवडणुकीच्या बातम्यांत सर्रास येतो, पण त्यामागे आकडा क्वचितच असतो.

आकडा नसला तरी परिणाम दिसतात आणि ते थक्क करणारे आहेत. गेल्या चाळीस वर्षांत अमेरिकेत इतक्या कमी लोकांनी, इतक्या कमी पैशात, कायदेमंडळांकडून इतकं मिळवल्याची उदाहरणं फार नाहीत. गंमत म्हणजे त्यांना हवं होतं ते ‘काही नको’ या प्रकारचं. अनुदान नको, आरक्षण नको, पाठ्यपुस्तकं नकोत. फक्त आमच्या वाटेला जाऊ नका. आणि एवढ्यासाठी त्यांना इतर कुठल्याही पालकांपेक्षा जास्त राजकारण करावं लागलं.

फेब्रुवारी १९९४ मधला प्रकार पाहा. शालेय शिक्षणाच्या केंद्रीय निधीचं एक भलंमोठं विधेयक काँग्रेससमोर होतं. कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट खासदार जॉर्ज मिलर यांनी त्यात एक दुरुस्ती घातली होती. शिक्षक जो विषय शिकवतो त्या विषयाचं प्रमाणपत्र त्याच्याकडे असल्याची खात्री राज्यांनी द्यावी, असा तिचा आशय. रोख सरकारी शाळांवर होता. पण होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन, म्हणजे एचएसएलडीए, या संघटनेच्या वकिलांनी मजकूर वाचला आणि त्यांना शंका आली, की उद्या एखाद्या न्यायालयानं ‘शाळा’ या शब्दात घरही धरलं तर? मग गणित शिकवणाऱ्या आईला गणिताचं प्रमाणपत्र लागेल. इंटरनेट अजून घराघरांत पोचलेलं नव्हतं. फॅक्स, एकाने पाचांना करायचे फोन आणि ख्रिस्ती रेडिओवरचे कार्यक्रम यांच्या जोरावर आठ-दहा दिवसांत काँग्रेसच्या दूरध्वनी यंत्रणेवर इतके फोन गेले की ती ठप्प झाली. आठ लाखांच्या घरात फोन आल्याचा अंदाज तेव्हा सांगितला गेला. २४ फेब्रुवारीला ती तरतूद काढून टाकण्यावर मतदान झालं. बाजूने ४२४, विरोधात १. तो एक म्हणजे स्वतः मिलर.

घरी शिकणाऱ्या मुलांची पहिली विश्वासार्ह सरकारी मोजणी झाली ती त्यानंतर पाच वर्षांनी, १९९९ मध्ये. आकडा निघाला साडेआठ लाख, म्हणजे शाळकरी वयाच्या मुलांपैकी १.७ टक्के. एवढ्याशा समूहापुढे दोन्ही पक्षांचे चारशेच्या वर खासदार आठ-दहा दिवसांत नमले. यातल्या किती जणांना होमस्कूलिंगचं प्रेम होतं? फारच थोड्यांना. पण विरोध करून मिळणार काहीच नव्हतं, आणि हे लोक लक्षात ठेवतील याची खात्री होती.

ही ताकद आली कुठून हे समजायचं तर थोडं मागे जावं लागतं. सक्तीच्या शाळेचा कायदा अमेरिकेत पहिल्यांदा मॅसॅच्युसेट्सनं १८५२ मध्ये केला, सर्वात शेवटी मिसिसिपीनं १९१८ मध्ये. या कायद्यांमागे बालमजुरीविरोध आणि सर्वांना साक्षर करण्याची इच्छा होती, तशीच आयर्लंडहून आलेल्या कॅथलिकांच्या मुलांना ‘अमेरिकी’ करून घेण्याची घाईही होती. ऑरेगॉन राज्यानं १९२२ मध्ये सर्वच मुलांना सरकारी शाळेत घालण्याची सक्ती केली. त्या कायद्याच्या पाठीराख्यांत कू क्लक्स क्लॅन होती. सर्वोच्च न्यायालयानं १९२५ मध्ये तो रद्द केला आणि मुलाच्या शिक्षणाची दिशा ठरवण्याचा आईवडिलांचा हक्क मान्य केला. १९७२ मध्ये विस्कॉन्सिनच्या अमिश पंथीयांना आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याची मुभा मिळाली. त्या निकालात न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळं मत नोंदवलं होतं, की आईबापांचं ऐकलंत, पण त्या मुलांना काय हवं हे कुणी विचारलं का? तो प्रश्न पन्नास वर्षांनी पुन्हा उभा राहणार होता.

चळवळीला दोन वडील आहेत आणि दोघांचं एकमेकांशी कधीच पटलं नसतं. पहिले जॉन होल्ट. दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीवर काम केलेले, नंतर जगाचं एकच सरकार असावं म्हणून धडपडणाऱ्या संघटनेत राबलेले, मग खासगी शाळांत पाचवीचे वर्ग घेणारे शिक्षक. ‘हाऊ चिल्ड्रन फेल’ हे त्यांचं १९६४चं पुस्तक. शाळा सुधारेल ही आशा त्यांनी पुढे सोडून दिली, आणि १९७७ मध्ये बोस्टनहून ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक काढलं. दुसरे रूसास जॉन रश्डूनी. आर्मेनियन वंशसंहारातून निसटलेल्या कुटुंबातले, कॅल्व्हिनपंथी धर्मशास्त्री. सरकारी शाळा हा ख्रिस्ती धर्माला पर्याय म्हणून उभा केलेला नवा धर्म आहे, असं त्यांनी १९६३ मध्येच लिहिलं होतं. घरी शिकवणाऱ्या पालकांवर खटले भरले जात तेव्हा हे गृहस्थ तज्ज्ञ साक्षीदार म्हणून न्यायालयात उभे राहत. एकाला मूल सरकारपासून आणि आईबापांपासूनही थोडं मोकळं हवं होतं, दुसऱ्याला ते सरकारपासून सोडवून बायबलच्या ताब्यात द्यायचं होतं.

होल्ट यांचं ‘एस्केप फ्रॉम चाइल्डहुड’ हे १९७४चं पुस्तक आज चळवळीत फारसं कुणी काढत नाही. त्यात त्यांनी मुलांना मोठ्यांसारखे हक्क मागितले होते, आणि त्यात मतदानाचा हक्कही होता, कुठल्याही वयाला. घरी शिकवण्याचा प्रचार करणारा माणूस मुलांना मत द्या म्हणत होता, आणि त्याच चळवळीची पुढची पिढी आपली सगळी ताकद ‘पालकांचा हक्क’ या दोन शब्दांमागे लावणार होती. मला या साऱ्या इतिहासातला सर्वात मोठा सांधेबदल हाच वाटतो.

समाजशास्त्रज्ञ मिचेल स्टीव्हन्स यांनी ‘किंग्डम ऑफ चिल्ड्रन’ या २००१च्या पुस्तकात या दोन प्रवाहांच्या संघटनशैलीचा छडा लावला आहे. होल्ट यांच्या वाटेनं आलेले लोक बैठकीत गोल बसत, प्रत्येकाचं ऐकत, एकमत होईपर्यंत निर्णय घेत नसत. त्यांना नेताच मान्य नव्हता. ख्रिस्ती गटांत नेता असे, समिती असे, काम वाटून दिलेलं असे, आणि ‘फोन करा’ म्हटलं की फोन होत. सुरुवातीला दोन्ही प्रवाह एकाच परिषदेत, एकाच तंबूत होते. दहा-पंधरा वर्षांत तंबू दुसऱ्यांच्या नावावर झाला. आपल्याकडच्या पुरोगामी चळवळींचा अनुभव असलेल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

एचएसएलडीए १९८३ मध्ये स्थापन झाली. मायकल फॅरिस आणि माइक स्मिथ हे तिचे संस्थापक वकील. पालकांनी वार्षिक वर्गणी भरायची आणि खटला झाला तर वकील फुकट मिळवायचा, अशी ही योजना. हा कायद्याचा विमाच होता, आणि त्या वर्गणीतून देशभरच्या पत्त्यांची यादी तयार झाली. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं होतं. त्याच वर्षी फॅरिस व्हर्जिनियात लेफ्टनंट गव्हर्नरच्या पदासाठी रिपब्लिकन उमेदवार म्हणून उभे राहिले आणि पडले. पक्षाचा गव्हर्नरपदाचा उमेदवार मात्र त्याच दिवशी निवडून आला. गृहशिक्षणाचा चेहरा असलेला माणूस स्वतः मतं मागायला गेला की लोक बिचकतात, हे तेव्हा दिसलं. यानंतर त्यांनी दुसरी वाट धरली. निवडून यायचं नाही, निवडून आणायचं, आणि पुढची पिढी घडवायची.

त्यातून २००० मध्ये व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल गावी पॅट्रिक हेन्री कॉलेज उघडलं. घरी शिकलेल्या ख्रिस्ती मुलांना वॉशिंग्टनच्या कामासाठी तयार करणं हा त्याचा उघड उद्देश. बुश यांच्या काळात तिथले विद्यार्थी व्हाइट हाउसमध्ये आणि रिपब्लिकन खासदारांच्या कचेऱ्यांत उमेदवारी करताना दिसू लागले. २००३ मध्ये ‘जनरेशन जोशुआ’ ही संघटना सुरू झाली. नाव बायबलमधलं. मोझेसनं लोकांना इजिप्तच्या गुलामीतून बाहेर काढलं, जोशुआनं त्यांना वचन दिलेल्या भूमीत नेलं. इजिप्त म्हणजे सरकारी शाळा, हे कुणाला फोडून सांगावं लागत नसे. मताचा अधिकार नसलेली ही किशोरवयीन मुलं निवडणुकीच्या शेवटच्या दिवसांत अटीतटीच्या मतदारसंघांत जाऊन दारोदार फिरत, फोन करत. शाळेचा दिवस बुडण्याचा प्रश्नच नव्हता. हेच त्यांचं नागरिकशास्त्र होतं.

कॉलेजचं पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. २००६ मध्ये सोळापैकी पाच पूर्णवेळ प्राध्यापक विचारस्वातंत्र्याच्या वादावरून सोडून गेले. पत्रकार हॅना रोझिन यांनी ‘गॉड्स हार्वर्ड’ या पुस्तकात तिथली मुलं रंगवली आहेत. हुशार, वादविवादात तरबेज, आणि आपल्या आईवडिलांच्या उत्तरांना प्रश्न विचारू लागलेली.

होमस्कूलवाल्यांच्या मतांचा खरा भाव ठरला तो आयोवात. अध्यक्षपदाच्या उमेदवारनिवडीची सुरुवात या राज्यातल्या कॉकसने व्हायची, आणि कॉकस म्हणजे मतपेटीत कागद टाकून घरी जाणं नव्हे. हिवाळ्याच्या रात्री ठरलेल्या वेळी गावातल्या शाळेत नाहीतर चर्चमध्ये जमायचं, भाषणं ऐकायची, मग मत द्यायचं. रिपब्लिकन कॉकसला साऱ्या राज्यातून लाख-सव्वा लाख माणसं येत. अशा ठिकाणी दहा हजार ठाम माणसं म्हणजे मोठी गोष्ट, आणि आठवड्याला एकमेकांना भेटणारी, गाडीत एकमेकांची मुलं नेणारी कुटुंबं इथे तयारच होती. २००८ मध्ये मिट रॉमनी यांनी पाण्यासारखा पैसा ओतला, जिंकले माइक हकबी, आणि त्यांच्या मागे होमस्कूलर कुटुंबांचं जाळं होतं. फॅरिस यांनी त्यांना जाहीर पाठिंबा दिला होता. २०१२ मध्ये स्वतःची मुलं घरी शिकवणारे रिक सॅन्टोरम उभे होते. कॉकसच्या रात्री रॉमनी आठ मतांनी पुढे असल्याचं सांगितलं गेलं, पण अंतिम मोजणीत सॅन्टोरम ३४ मतांनी जिंकले. पुढच्याच वर्षी आयोवानं घरी शिकवण्याचे नियम इतके सैल केले की एका पर्यायात सरकारला कळवण्याचीही गरज उरली नाही.

त्याच २०१२च्या डिसेंबरात या गटाची ताकद आणि तिचा आंधळेपणा दोन्ही एकदम दिसले. अपंगांच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार सिनेटपुढे मंजुरीला आला होता. रिपब्लिकन पक्षाचे एके काळचे अध्यक्षपदाचे उमेदवार, युद्धात अपंगत्व आलेले बॉब डोल चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आले होते. एचएसएलडीएचं म्हणणं असं, की करारातल्या ‘मुलाचं हित’ या कलमाचा आधार घेऊन परकी समिती अपंग मुलाला घरी शिकवायचं की नाही हे ठरवेल. सॅन्टोरम आणि फॅरिस यांनी मोहीम उघडली, फोन पुन्हा खणखणले. दोनतृतीयांश मतं हवी होती. पडली ६१ विरुद्ध ३८, पाच कमी. करार पडला. तो करार अमेरिकी कायद्यालाच जवळजवळ प्रमाण मानणारा होता, आणि कुठल्या होमस्कूलरचं त्यात नुकसान होतं हे आजतागायत मला कळलेलं नाही. जगाच्या एका सरकारचं स्वप्न पाहणाऱ्या होल्ट यांच्या वारसदारांनी हे केलं, हा योगायोग आपल्या जागी.

आता मूळ प्रश्न. घरी शिकलेली मुलं मोठी होऊन मत देतात का? इथे अभ्यासांचं चित्र गोंधळाचं आहे आणि गोंधळाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ख्रिश्चन स्मिथ आणि डेव्हिड सिकिंक यांनी १९९६च्या सरकारी कौटुंबिक पाहणीची आकडेवारी घेऊन १९९९ मध्ये दाखवलं, की खासगी शाळांतले आणि घरी शिकवणारे पालक मतदान, देणग्या, सभा, स्वयंसेवा यांत सरकारी शाळांच्या पालकांपेक्षा मागे नाहीत, उलट पुढे आहेत. हा निष्कर्ष पालकांबद्दल होता, पण तो मुलांबद्दल असल्यासारखा उद्धृत होत राहिला. मुलांबद्दल सर्वात जास्त उगाळला जाणारा आकडा ब्रायन रे यांच्या २००३च्या पाहणीतला. घरी शिकलेल्या १८ ते २४ वयाच्या तरुणांपैकी ७६ टक्क्यांनी गेल्या पाच वर्षांत मत दिलं होतं, देशभरात त्या वयाचे २९ टक्के. वाचताना डोळे विस्फारतात. पण सात हजारांवर उत्तरं मिळाली ती चळवळीच्याच जाळ्यातून, आपणहून फॉर्म भरणाऱ्यांकडून. ज्यांनी त्या जगाकडे पाठ फिरवली ते फॉर्म भरायला आलेच नाहीत. पुण्यातल्या शास्त्रीय संगीताच्या मैफलीत जाऊन महाराष्ट्राला कुठलं संगीत आवडतं हे विचारण्यासारखाच हा प्रकार.

उलट जोनाथन हिल आणि केव्हिन डेन डल्क यांनी तरुण आणि धर्म यांवरच्या राष्ट्रीय पाहणीतून २०१३ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की घरी शिकलेले तरुण पुढे स्वयंसेवी कामात इतरांपेक्षा कमी दिसतात. म्हणजे आईवडिलांचा उत्साह मुलांत आपोआप उतरत नाही. अल्बर्ट चेंग यांनी २०१४ मध्ये एका ख्रिस्ती विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, की तुम्हाला सर्वात नावडत्या गटाला सभा घेऊ द्यावी का, निवडणूक लढवू द्यावी का? जितकी जास्त वर्षं घरी शिकलेला विद्यार्थी, तितका तो जास्त सहिष्णू निघाला. टीकाकारांच्या तोंडावर हा निष्कर्ष मारता येतो. पण एकाच विद्यापीठाच्या भिंतींआडचा नमुना तोही. रॉबर्ट कुंझमन यांनी आकड्यांचा नाद सोडून मोजक्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी वारंवार जाऊन पाहिलं, आणि त्यांना आढळलं की दोन घरांत दोन टोकं असतात. एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर संविधानावर तासभर खडाजंगी चालते, दुसऱ्या टेबलावर पाठांतर. माझा कल कुंझमन यांच्याकडे आहे.

मत न देणाऱ्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून थोडं. होल्ट यांच्या परंपरेतले ‘अनस्कूलर’, म्हणजे अभ्यासक्रमच न मानणारे पालक, यांत पर्यावरणवादी डावे आहेत आणि सरकारच नको म्हणणारे स्वातंत्र्यवादीही. यांतल्या काहींना मतदान म्हणजे ज्या व्यवस्थेतून मूल बाहेर काढलं तिलाच पुन्हा होकार देणं वाटतं. २००८ आणि २०१२ मध्ये स्वातंत्र्यवादी नेते रॉन पॉल यांनी अशा अनेकांना मतदानकेंद्रापर्यंत आणलं. पुढे २०१३ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाचा घरगुती अभ्यासक्रमही काढला. आणि २०१६ मध्ये फॅरिस यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध जाहीर लेख लिहिला, तेव्हा त्यांच्याच अनुयायांपैकी पुष्कळांनी तो बाजूला ठेवला. यादी हातात असली म्हणून मतं हातात असतात असं नाही.

गोऱ्या ख्रिस्ती उपनगराचं चित्र कोविडनं कायमचं मोडलं. जनगणना विभागाच्या पाहणीनुसार २०२०च्या वसंतात ५.४ टक्के घरांत मुलं घरी शिकत होती, त्याच वर्षीच्या शरदात ११.१ टक्के. ज्यांच्या शाळा पडद्यावर भरत होत्या त्यांना यातून वगळायला सांगितलं होतं, तरी. कृष्णवर्णीय घरांत हे प्रमाण ३.३ वरून १६.१ वर गेलं. या पालकांची कारणं वेगळी होती. जॉर्जिया विद्यापीठाच्या शेरिल फील्ड्स-स्मिथ यांनी कोविडच्या आधीच अटलांटाच्या कृष्णवर्णीय आयांशी बोलून ती नोंदवली होती. वर्गात आपल्या मुलालाच आधी शिक्षा होते, त्यालाच ‘मंद’ ठरवलं जातं, इतिहासात आपले लोक गुलामगिरीच्या धड्यापुरतेच येतात. हे लोक बहुसंख्येनं डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदार आहेत, आणि तो पक्ष शिक्षक संघटनांचा मित्र आहे. म्हणजे मत एकीकडे आणि मूल दुसरीकडे. वॉशिंग्टन पोस्टनं २०२३ मध्ये केलेल्या मोठ्या पाहणीत धार्मिक शिक्षण हे कारण सांगणारे पालक एकतृतीयांशच उरले होते, २०१२ च्या सरकारी पाहणीत ते दोनतृतीयांशाच्या जवळ होते. शाळेतला गोळीबार, दादागिरी, मुलाच्या खास गरजा ही कारणं आता पुढे आली आहेत. यातल्या कुणालाही जोशुआ व्हायचं नाही.

स्थानिक राजकारणात आणखी एक पेच आहे. अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च घरपट्टीसारख्या मालमत्ता करातून चालतो आणि शाळा मंडळ निवडणुकीनं येतं. मूल घरी शिकत असलं तरी कर भरावा लागतो. मग ज्या शाळेत आपलं मूल जात नाही तिच्या मंडळासाठी मत द्यायचं का, तिच्या इमारतीच्या कर्जाला होकार द्यायचा का? काही पालक हक्कानं नकार टाकून येतात, काही लांब राहतात, काहींना शाळेच्या फुटबॉल संघात मुलाला खेळवायचं असतं. फ्लोरिडानं १९९६ मध्ये ही मुभा दिली आणि तिचा फायदा घेऊन टिम टीबो नावाचा घरी शिकणारा मुलगा देशाचा गाजलेला खेळाडू झाला. व्हर्जिनियात तसंच विधेयक विधिमंडळानं पुन्हा पुन्हा मंजूर केलं आणि डेमोक्रॅट गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ यांनी पुन्हा पुन्हा नाकारलं. पण खुद्द होमस्कूलरांतही यावर एकमत नव्हतं. शाळेच्या मैदानात पाय टाकला की शाळेचे नियम पाठोपाठ येतात, ही जुन्या लोकांची भीती.

हीच भीती आज पैशावरून चळवळ दुभंगते आहे. ॲरिझोनानं २०२२ मध्ये सर्वच मुलांना शिक्षणासाठीचं खातं देऊ केलं. सरकारी शाळेत न जाणाऱ्या मुलाच्या वाट्याचे हजारो डॉलर थेट पालकांच्या हाती, पुस्तकं, शिकवणी, साहित्य यांसाठी. टेक्सासनं २०२५ मध्ये एक अब्ज डॉलरची तशीच योजना आणली, तीत घरी शिकवणाऱ्यांना दोन हजार डॉलरपर्यंत मिळू शकतात. रिपब्लिकन नेत्यांनी ही भेट म्हणून पुढे केली आणि जुन्या होमस्कूलरांनीच कपाळावर हात मारला. सरकारचा पैसा आला की हिशेब आला, हिशेब आला की तपासनीस आला, मग चाळीस वर्षं भांडलो कशासाठी? टेक्सासमधल्या मोठ्या संघटनेनं योजनेला पाठिंबा दिला, तर त्याच राज्यातले दुसरे पालक तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला गेले. एचएसएलडीएनं २०१७ मध्ये केंद्रीय व्हाउचरच्या विधेयकाला विरोध केला तेव्हा अनेक नव्या पालकांना तो कळलाच नाही. कोविडनंतर आलेल्या आईला तुरुंगाची धमकी कधी मिळालेली नाही. तिला दोन हजार डॉलर दिसतात. शत्रू समोर होता तोवर जमलेली माणसं तिजोरी उघडल्यावर पांगू लागली आहेत, आणि आश्चर्य वाटण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरी फट आतून पडली. घरी शिकून मोठ्या झालेल्या काहींनी २०१३ मध्ये ‘कोएलिशन फॉर रिस्पॉन्सिबल होम एज्युकेशन’ स्थापन केली. त्यांना बंदी नको आहे, पण वर्षातून एकदा कुणीतरी मूल पाहावं, बालअत्याचारात दोषी ठरलेल्या व्यक्तीला घरी शिकवू देऊ नये, एवढं हवं आहे. डग्लस यांचा १९७२चा प्रश्न ही मुलं स्वतः विचारत आहेत. हार्वर्डच्या कायद्याच्या प्राध्यापक एलिझाबेथ बार्थोलेट यांनी २०२० मध्ये त्याहून पुढे जाऊन म्हटलं, की मुळात मनाई असावी आणि परवानगी मागणाऱ्यानं ती का द्यावी हे सिद्ध करावं. या सूचनेनं आधीच्या पिढीच्या पालकांना हवा तो शत्रू पुन्हा मिळवून दिला. इलिनॉयमध्ये २०२५ च्या मार्चमध्ये साध्या नोंदणीचं विधेयक आलं, तर स्प्रिंगफिल्डच्या विधानभवनात हजारो पालक मुलाबाळांसह जमले. डेमोक्रॅटांचं बहुमत असलेल्या राज्यात ते विधेयक त्या अधिवेशनात पुढे सरकलं नाही. १९९४ची युक्ती अजून चालते, निदान ‘नको’ म्हणण्यासाठी.

जर्मनीचा उल्लेख एवढ्यासाठीच, की सगळ्या लोकशाह्या या हक्काला हक्क मानत नाहीत. तिथे शाळा सक्तीची आहे. समाजात समांतर बेटं तयार होऊ नयेत हा तिथल्या न्यायालयांचा युक्तिवाद युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केला.

मराठी मुलखात हा विषय आला की त्याचा रंग बदलतो. इथलं शिक्षणाचं राजकारण शाळेत शिरण्यासाठी झालं, बाहेर पडण्यासाठी नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. गोखल्यांनी १९११ मध्ये त्याचं विधेयक मांडलं आणि ते पडलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये कायदा केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मॅसॅच्युसेट्समध्ये सक्ती वरच्यांनी खालच्यांवर लादली होती, इथे ती खालच्यांच्या बाजूनं मागितली गेली. म्हणून मुंबई-पुण्यातला एखादा इंजिनिअर बाप ‘आम्ही मुलीला शाळेत घालत नाही’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात कौतुकाबरोबर एक बारीक चीडही उमटते. ती अगदीच अकारण आहे असं मी म्हणणार नाही.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, पण ते न केल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. या फटीतून आपल्याकडचे गृहशिक्षणवाले जगतात. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त शाळा संस्था, केंब्रिजची खासगी परीक्षा, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म. ४ जुलै २०१५ ला महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचं एकदिवसीय सर्वेक्षण झालं, तेव्हा मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदारासारखी शाई लावली जात होती. ते सर्वेक्षण वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीवरच्या, सिग्नलवरच्या मुलांसाठी होतं. सोसायटीच्या सातव्या मजल्यावर घरी शिकणारं मूल त्या खान्यात बसतं की नाही, याचा निर्णय दार उघडणाऱ्या आईच्या बोलण्यावर होता.

वैचारिक दोरही इथे फॅरिस यांच्याकडून आलेला नाही, होल्ट आणि ‘डिस्कूलिंग सोसायटी’ लिहिणाऱ्या इव्हान इलिच यांच्याकडून आला आहे, आणि त्याचं एक मोठं ठाणं गोव्यात म्हापशाला आहे. क्लॉड आणि नॉर्मा अल्वारिस हे पर्यावरणाच्या लढ्यासाठी ओळखलं जाणारं दांपत्य. त्यांच्या अदर इंडिया प्रकाशनानं या विचारांची पुस्तकं स्वस्तात उपलब्ध केली, आणि त्यांचा मुलगा राहुल यानं दहावीनंतर वर्षभर शाळा-कॉलेजाबाहेर राहून साप, मासे, शेती शिकत घालवलेल्या दिवसांवर ‘फ्री फ्रॉम स्कूल’ हे छोटं पुस्तक लिहिलं. राजकारण म्हणाल तर ते खाणींविरुद्धच्या याचिकांचं, सेंद्रिय शेतीचं. पक्षाचं नव्हे. पुण्या-मुंबईच्या पालकांना जोडणारी ‘स्वशिक्षण’ ही संघटना आहे, परिषदा भरतात, मुलं भेटतात. पण कुठल्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात त्यांच्यासाठी ओळ नाही, आणि त्यांनी ती मागितल्याचं ऐकिवात नाही.

मागावी का, यावर त्यांच्यात दोन मतं आहेत. एक बाजू म्हणते, कायद्यात स्पष्ट मान्यता घ्या, उद्या एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात आलं तर आपल्याकडे काय आहे? दुसरी म्हणते, मान्यता मागायला गेलात तर नोंदणी आली, नोंदणी आली की वर्षाची तपासणी, मग ठरावीक अभ्यासक्रम. आज निदान कुणी विचारत नाही. अमेरिकेत हा वाद शेवटी मतांच्या आणि फोनांच्या जोरावर सुटला. इथे त्या जोरासाठी लागणारी संख्याही नाही, आणि मंत्रालयात फोन करून चार आमदारांना वेठीला धरावं अशी ज्यांची वृत्ती आहे ते लोक मुळात या वाटेला फारसे येत नाहीत.